वेबसाइटवर हिरवी शाई

गावंडे साहेब वेबसाइट बघत नाहीत. ते ती छापून काढतात. मुखपृष्ठापासून थेट 'संपर्का'पर्यंत एकेक पान प्रिंटरमधून निघालं की ते सगळे कागद टेबलावर आपटून कडा सारख्या करतात, पंचने भोकं पाडतात, टॅग ओवतात, वर पुठ्ठा लावतात आणि मग खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढून वेबसाइट तपासायला बसतात. एखाद्या साइटवर चित्रं आपोआप सरकत असली तर त्यांना तो वाह्यातपणा वाटतो. "छापल्यावर बरोबर थांबते का नाई, पा," असं म्हणून ते त्या चित्रावर एक टिचकी मारतात.

मी दमलेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीला राजापेठेत, एका औषधांच्या दुकानाच्या वर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. नेटवर कुणी काही शोधलं तर आमच्या गिऱ्हाइकाचं नाव तळाशी गाडलं न जाता वरच्या वर दिसावं, म्हणून त्याची साइट तपासायची आणि दोष काढून द्यायचे, हा आमचा धंदा. याला एसईओ ऑडिट म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक साइट कुणाच्या तरी भाच्याने नाहीतर पुतण्याने केलेली असते, तो भाचा आता पुण्याला असतो, फोन उचलत नाही, आणि पासवर्ड त्याच्याकडे असतो. तरी गिऱ्हाइकाला पुढच्या सोमवारी एक नंबरवर यायचं असतं. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर 'एक नंबर' हे शब्द कानावर पडले की मला कुठेतरी आडवं व्हावंसं वाटतं.

गावंडे साहेब आमच्याकडे आले ते पाटी वाचून. जिन्याच्या तोंडाशी 'वेबसाइटचे ऑडिट करून मिळेल' अशी पाटी आहे. मे महिन्यातली दुपार. साठी उलटलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, काखेत रेक्झिनची बॅग धरलेला एक माणूस धापा टाकत वर आला, माठातलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "ऑडिट कोन करते इथं?"

"आम्हीच करतो," मी म्हणालो.

"कोनाच्या हाताखाली शिकले?"

मी तर यूट्यूब बघून शिकलो होतो. साहेबांचं सगळं आयुष्य सरकारी लेखापरीक्षणात गेलं होतं. ग्रामपंचायती, शाळा, बाजार समित्या, वसतिगृहं, सगळ्यांची दप्तरं त्यांनी तपासली होती. "दप्तर असो का तुमची ते वेबसाइट," ते म्हणाले, "खोट लपते ते सारख्याच ठिकानी लपते. उद्यापासून येतो मी." मी मानधनाचं काढलं तर त्यांनी हातानेच गप्प केलं. पेन्शन पुरेशी होती. त्यांना फक्त एक टेबल हवं होतं. मी दिलं, कारण नको म्हणायला जी ताकद लागते ती त्या दुपारी माझ्यात नव्हती.

बोलताना साहेब पक्के वऱ्हाडी. पण पेन हातात आलं की त्यांच्या अंगात शासन येतं. एका मंगल कार्यालयाच्या साइटवर त्यांनी काढलेला पहिला आक्षेप असा होता: 'आमच्याविषयी या पृष्ठावर आपल्याविषयी काहीही आढळून आले नाही. खुलासा करावा.' त्याच साइटवर फुकटात मिळालेला, दात काढून हसणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याचा फोटो होता, खाली 'आमचे आनंदी वधूवर'. त्यावर हिरवा शेरा: 'छायाचित्रातील इसमांचा विवाह सदर कार्यालयात पार पडल्याचा पुरावा जोडावा.' एकच मजकूर दोन पानांवर सापडला की 'एकाच बाबीची दुबार नोंद', आणि पानाला शीर्षक नसेल तर 'नाही. का नाही?' एवढंच. हे 'का नाही?' ते इतकं दाबून लिहितात की खालच्या कागदावर उमटतं.

प्रणिता ही माझी सहकारी. खरं तपासायचं काम तिचं. तिचं सॉफ्टवेअर जे चहा येईपर्यंत शोधून काढतं ते शोधायला साहेबांना आठवडा लागतो, आणि आठवड्याने ते भलतंच काहीतरी शोधतात. प्रिंटरची शाई संपली की ती माझ्याकडे नुसती बघते.

साहेबांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो मेलेल्या दुव्यांचा. म्हणजे 'येथे दाबा' असं लिहिलेलं असतं आणि दाबल्यावर पुढे काहीच नसतं. छापलेल्या कागदावर ते दाबता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरते ते प्रणिताच्या खुर्चीमागे उभे राहतात. प्रणिताच्या दृष्टीने ती एक लाल ओळ असते, काढून टाकली की संपलं. साहेब मात्र खिन्न होतात. "असं नाई करू, बाई," ते म्हणतात. "आपन 'या' म्हनलं म्हनून मानूस तिथवर जाते. अन् पोचल्यावर घरात कोनीच नसन तं त्याले कसं वाटन?"

असं काही बोलले की मला त्यांच्याविषयी बरं वाटायचं, पण मग शेंदूरजनाघाटचं प्रकरण झालं.

तिथले एक संत्र्याच्या कलमांचे नर्सरीवाले आमचं गिऱ्हाईक होते. चांगला माणूस, बोलायला गोड. त्यांच्या साइटचा अहवाल प्रणिताने ईमेलने पाठवलाच होता. साहेबांना ते कोरडं वाटलं असावं. त्यांनी आपला हिरवा अहवाल नीट टाइप करून घेतला, वर 'तात्काळ' असा शेरा मारला आणि आम्हाला न विचारता रजिस्टर पोस्टाने धाडून दिला. शेवटची ओळ होती, 'विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

पत्र हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी नर्सरीवाले ऑफिसात हजर. सोबत वकिली करणारा साडू आणि संत्र्यांची पेटी. घाम पुसत ते हात जोडून म्हणाले, "साहेब, आमची काई चूक झाली असन तं माफ करा. ते साइट आमी बंद करून टाकली."

"बंद केली?" मी उठूनच उभा राहिलो.

"कालच. पोराले सांगतलं, काढून टाक ते लफडं. आपल्याले सरकारच्या नोटिसा नाई पायजे."

मी त्यांना समजावतोय, सरकारचा यात काही संबंध नाही, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत, तोवर कोपऱ्यातल्या टेबलावरून साहेबांनी मान वर केली आणि शांतपणे सांगितलं, "बंद केल्यानं आक्षेप मिटत नाई." साडूने ते लिहून घेतलं. त्यानंतर नर्सरीवाल्यांनी आमचा फोन उचललेला नाही. ती संत्री प्रणिता आठवडाभर रागारागाने सोलून खात होती आणि आठवड्याच्या शेवटी तिने मला स्पष्ट सांगितलं, "दादा, एक तर तुम्ही त्यांना सांगा, नाहीतर मी सांगते. गिऱ्हाइकं आपोआप येत नाहीत."

तिचं बरोबर होतं. मी सांगतो म्हणालो. साहेब, आता येऊ नका. एवढंच सांगायचं होतं. पण रोज सकाळी ऑफिस उघडायला मी पोचायच्या आधी ते पायरीवर उभे असायचे, मी कुलूप काढेपर्यंत माझी पिशवी धरायचे, आणि माझं बोलणं दुसऱ्या दिवसावर जायचं. शेवटी मी स्वतःशी ठरवलं की अकोल्याचं काम झालं की सांगायचं.

अकोल्याचं काम म्हणजे युसूफभाईंचं गादीघर. कापसाच्या गाद्या, गिरद्या, रजया. आजोबा धनुकली खांद्यावर टाकून दारोदार कापूस पिंजत फिरायचे, आता यंत्र आलं, दुकान आलं, आणि पुतण्याने वेबसाइट केली. फोमच्या गाद्यांनी धंदा खाल्ला होता. अकोल्यात कुणी कापसाची गादी शोधली तर आपलं नाव दिसावं, एवढी त्यांची साधी इच्छा होती. "फोन पे मेरेकू समझता नहीं भाई," ते म्हणाले होते, "एक बार आके देख लो." हे मी प्रणिताला सांगत असताना साहेबांनी ऐकलं. "प्रत्यक्ष पडताळनी," ते खूश होऊन म्हणाले, "मी तयार हाओ." सकाळी बस स्थानकावर ते फाइल घेऊन माझ्या आधी उभे होते. म्हटलं, चला, परतीच्या वाटेवर बोलून टाकू.

युसूफभाईंच्या साइटचा मुख्य दोष प्रणिताने आधीच काढला होता. नकाशावरची त्यांच्या दुकानाची खूण मोर्णा नदीच्या पात्रात पडली होती. मी मोबाइलवर दाखवल्यावर युसूफभाईंनी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "म्हनजे एवढे दिवस गिऱ्हाईक माझं नदीत जाऊन राहिलं का?" त्यांनी विचारलं. ती खूण जागेवर आणायची, गाद्यांचे खरे फोटो टाकायचे, कापूस कुठला आणि गादी पुन्हा पिंजून मिळते का ते लिहायचं, झालं. चहा पिऊन परत निघता आलं असतं.

पण साहेबांनी फाइल उघडली.

"तुमी इथं लिवलं, हजारो समाधानी ग्राहक," ते म्हणाले. "त्यायची यादी कुठं हाये?"

"यादी कायची साहेब?" युसूफभाई म्हणाले. "गादी नेली, झोपला, भांडाले परत आला नाही, म्हनजे समाधानी."

साहेबांनी यावर पुष्कळ विचार केला. मग त्यांनी समासात 'खुलासा मान्य' असं लिहिलं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी कुणाचाही खुलासा मान्य केल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या उत्साहात युसूफभाई पुढच्या आक्षेपांना सविस्तर उत्तरं द्यायला लागले. 'तीन पिढ्यांची परंपरा' या आक्षेपावर त्यांनी तिन्ही पिढ्या सांगितल्या, आजोबांच्या लग्नासकट. दारात एक बाई मुलीला घेऊन रजई बघायला आली आणि ताटकळून निघून गेली. युसूफभाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मग 'आरामदायी' हा शब्द आला. "याले आधार काय?" साहेबांनी विचारलं.

युसूफभाई आता थोडे वैतागले होते. त्यांनी समोरच्या नव्या गादीवर हात थोपटला. "लेटो साहेब. खुद देख लो."

साहेबांनी चपला काढल्या, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि फाइल छातीवर धरून ते गादीवर आडवे झाले. मला वाटलं, एक कूस बदलतील आणि उठून शेरा लिहितील. ते घोरायला लागले. भर बाजारात, भर दुपारी, यंत्राची घरघर चालू असताना. मी लाजेने अर्धा झालो. हाक मारली, खांद्याला हात लावला, पण युसूफभाईंनी मला मागे ओढलं. "सोने दो," ते हळूच म्हणाले. "बहुत दिन का जागा हुआ आदमी दिखता है."

ते झोपले होते तेवढ्या वेळात मी सगळं काम उरकलं. निघताना युसूफभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब बढ़िया हैं, बुजुर्ग हैं. पर अगली बार आप अकेले आना, भाई. दुकान का टाइम जाता." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी मूर्तिजापूरपर्यंत वाक्य जुळवत बसलो. बस थांबली तशी साहेबांनी खिडकीतून खारे दाणे घेतले आणि अर्धे माझ्या हातावर ओतले. दाणे खात असताना माणसाला कसं सांगणार? पुढे बडनेऱ्याच्या अलीकडे मी सुरुवात केली. "साहेब, मी काय म्हणतो, तुम्ही आता जरा आराम करायला हवा."

"झाला ना," ते म्हणाले. "लय झकास गादी होती. 'आरामदायी' मान्य करून टाकला मी."

अमरावतीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माझी स्कूटर स्टँडवर होती. म्हटलं, यांना घरी सोडतो आणि दारातच सांगतो, मग घाई असल्यासारखं करून निघून येतो. गाडगे नगरच्या बाजूला एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर. मी खालीच सांगणार होतो, तर त्यांनी फाइल माझ्याकडे दिली आणि किल्ली शोधत जिना चढायला लागले. मी मागोमाग. मधल्या वळणावर ते थांबले आणि मागे वळले.

"नितीनभाऊ, सकाळपासून तुमी काईतरी सांगाले पायता अन् गिळून टाकता. मले समजते. नोकरीभर लोकायच्या तोंडाकडे पाहूनच ऑडिट केलं मी. सांगून टाका. पन इथंच सांगा. वर हिच्यापुढं नका सांगू."

माझ्या हातात त्यांची फाइल होती.

"मायी बायको," ते वर बघत म्हणाले. "लकवा मारला तिले. दोन वर्षं झाले. समजते सारं, बोलनं अडकते. रात्री कूस बदलून द्या लागते, नाईतर पाठीले जखमा होते. ते काई नाई, ते होते. पन मी दिवसभर घरीच बसून राहो पैले. ते माह्याकडे पाहे, मी तिच्याकडे पाहो. सांगाले काई नसे. बोलकी बाई होती, भाऊ. गल्लीतलं सारं तिले मालूम. आता घरी गेलो का मी तिले सांगतो. आज कोनती साइट आली, तिच्यात काय निघालं, प्रणिता कशी चिडली. तो संत्रावाला साडूले घेऊन आला तवा दोन दिवस हासली ते. तुमाले साऱ्यायले ओळखते. मी घरी बसलो तं तिले सांगू काय?"

वर दार उघडंच होतं. शेजारच्या बाई उठून गेल्या. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर उशी घेऊन ठेवलेला, केस नीट विंचरलेले. साहेबांनी चपला काढल्या न काढल्या आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. मी इतके दिवस त्यांना आक्षेप काढतानाच पाहिलं होतं. आता ते गोष्ट सांगत होते. युसूफभाईंचं दुकान नदीत कसं वाहून गेलं, गिऱ्हाइकं धोतरं सावरत पाण्यात कशी उतरली, झोपलेल्या हजार माणसांची यादी कुठून आणू म्हणून तो कसा गडबडला. यातलं निम्मं घडलेलं नव्हतं. आपण गादीवर झोपलो हेही त्यांनी सांगितलं, घोरण्याची नक्कल करून. काकू चेहऱ्याच्या एका बाजूने हसत होत्या. डोळे मात्र दोन्ही हसत होते.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी काहीतरी बोलून तो अवघडलेपणा झाकणार, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. "थांबा. घाई नका करू. येते."

आम्ही थांबलो. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. काकूंच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. साहेब जराही पुढे झुकले नाहीत, शब्द सुचवला नाही, नुसते बसून राहिले. मी आयुष्यात कुणासाठी इतका वेळ थांबलेलो नाही. गिऱ्हाइकासाठी नाही, घरच्यांसाठीही नाही.

"च," काकू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "हा."

"अरे हो," साहेब ताडकन उठले. "पावन्याले चहा विचारलाच नाई मी." आणि ते आत गेले.

खोलीत मी आणि काकू राहिलो. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. काम होतं, थकवा होता, प्रणिताला काय सांगणार याची धाकधूक होती, आणि आपण हे करायला नको हेही मला कळत होतं. तरी मी आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काकू, उद्या साहेबांना जरा लवकर पाठवाल का? नांदगाव पेठच्या कापडवाल्यांची मोठी साइट आली आहे. पानंच पानं आहेत. आम्हाला दोघांना उरकणार नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. काकूंनी डावा हात उचलला, माझ्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"नितीनभाऊ," आतून साहेबांचा घोगरा आवाज आला, "साखर किती टाकू?"

"टाका चांगली," मी म्हणालो.